माया सोडून साडेदहा

९ फेब्रुवारी

डाव्या हातानं लिहितोय. एक ओळ पुरी होईस्तोवर चहा गार होतो, म्हणून थोडक्यात.

शनिवारी दुपारी जेवून दुकानातल्या लाकडी खुर्चीत बसलो. उजवा हात खुर्चीच्या पाठीवरून मागे टाकला होता. डोळा लागला. दीड तासानं जागा झालो तर मनगट लोंबत होतं, वाळत टाकलेल्या मोज्यासारखं. वर होईना. बोटं थोडी मिटतात, उघडत नाहीत.

डॉक्टर म्हणाले, दंडातली नस दबली. येईल परत. किती दिवसांत? दोन-तीन महिने. पूर्ण येईल? "बहुतेक."

मी शिंपी आहे. सव्वीस वर्षं कापड बेततोय. कात्री उजव्या हातात असते.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलंय, हातानं रोज काय काय केलं ते लिहून आणा. तर, आज हातानं काही केलं नाही.

१० फेब्रुवारी

आजही काही नाही.

हिनं वही उघडून पाहिली. म्हणाली, "अक्षर सुधारलंय की!"

१२ फेब्रुवारी

ही वही बाईंना दाखवायची नाही असं ठरवलं. त्यांच्यासाठी वेगळा कागद केला. इथे मनातलं लिहीन. दुकान हिच्यावर सोडून नुसता बसून राहिलो तर डोकं फिरेल.

बाई आमच्या मुलीपेक्षा लहान आहेत, पण दरारा मुख्याध्यापिकेचा. मनातल्या मनात मी त्यांना हेडबाई म्हणतो. आज म्हणाल्या, "काका, खांदा उडवून मनगट उचलल्यासारखं दाखवू नका. मला दिसतं." मी खरंच तसं करत होतो.

त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती दिवसभर डोक्यातून जात नाही. स्नायूला ढकलता येत नाही. त्याला एकच काम येतं, आखडायचं आणि ओढायचं. म्हणून सांध्याच्या दोन्ही अंगांना स्नायू असतात. एक ओढतो तेव्हा दुसऱ्यानं सैल पडायचं, मग पाळी बदलायची. "तुम्ही कात्री मिटता ना, ते आतल्या बाजूचे स्नायू करतात. उघडता, ते बाहेरच्या बाजूचे. तुमचे बाहेरचे सध्या झोपलेत."

"उघडायलासुद्धा ताकद लागते?" मी विचारलं.

"मग काय, ती आपोआप उघडते?"

सव्वीस वर्षं मला तसंच वाटत होतं.

१५ फेब्रुवारी

बँडमास्टर आले. ते मला मास्टर म्हणतात, मी त्यांना मास्टर म्हणतो. नवीन गिऱ्हाइकाला आमचं बोलणं ऐकून घेरी येते.

"मास्टर, हाताला काय झालं?"

"झोपलो होतो, मास्टर."

"हातावर?"

"खुर्चीत."

"बसल्या जागी हात घालवणारा माणूस पहिल्यांदा पाहिला." मग हसू आवरून त्यांनी माझा लोंबता पंजा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. भला माणूस.

काम मोठं आहे. बँडचे एकवीस कोट. पाच एप्रिलला नव्या पुलाचं उद्घाटन आहे, तिथे वाजवायचंय. तीन तारखेला कोट हातात हवेत. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागचं मशीन थांबलं आणि ही म्हणाली, "होतील."

ते गेल्यावर मी विचारलं, "बेतणार कोण?"

"तुम्ही सांगा, मी कापते."

"कोट बेतणं म्हणजे भाजी चिरणं नव्हे."

तिनं पुन्हा मशीन सुरू केलं. आमच्या दुकानात मी बेततो आणि ही शिवते, पहिल्या दिवसापासून. लोक कोटाचं कौतुक करतात ते बेतण्याचं असतं. शिवणारे गल्लोगल्ली मिळतात. हे मी तिला कधी बोलून दाखवलेलं नाही. भाजीचंही बोलायला नको होतं. लिहिताना वाईट वाटतंय. बोलताना वाटलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी

पहिल्या कोटाचं बेतणं. नवी मापं अजून व्हायचीत, तोवर जुन्या नोंदीवरून. मी खुर्चीत (पाठ नसलेल्या), ही टेबलाशी. मी आकडा सांगायचा, हिनं खडूनं खूण करायची आणि कापायचं. म्हणजे डोकं माझं, हात तिचा. कापतोय मीच, असं मनाशी म्हटलं.

मी म्हणालो, "पाठ, माया सोडून साडेदहा."

शिवणीच्या बाहेर जे जादा कापड ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो. शिवण उसवली, माणूस सुटला, तर त्या मायेतून कोट सैल करता येतो.

तिनं कापलं. मी टेप लावायला सांगितली. सव्वाअकरा!

"अगं, हे काय? माया सोडून साडेदहा म्हणालो ना मी?"

"तेच तर केलं! साडेदहा, आणि वर पाऊण इंच माया सोडली."

"साडेदहामध्ये माया सोडलेली आहे!"

"मग माया धरून म्हणा ना! सोडून म्हणजे वगळून."

"सोडून म्हणजे ठेवून! शिंप्याच्या घरात राहून एवढं कळत नाही?"

"आणि तुम्हाला साधं बोलता येत नाही?"

रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबून ऐकत होता. सव्वीस वर्षांत हा प्रश्न कधी आलाच नव्हता, कारण मी कुणाला सांगतच नव्हतो. स्वतःच आखायचो, स्वतःच कापायचो. माझ्याशी मी काय बोलतो ते मला कळायचं.

बरं, कापड जास्त राहिलं, कमी पडलं नाही. म्हणालो, पाऊण इंच छाट. तर म्हणते, "राहू दे. ट्रायलला बघू."

१९ फेब्रुवारी

अबोला. पण सकाळी शर्टाची बटणं तिनंच लावली. न बोलता लावली, तरी एकही चुकलं नाही.

हातानं काही केलं नाही.

२३ फेब्रुवारी

आज हेडबाईंनी जादू दाखवली.

म्हणाल्या, "माझं बोट घट्ट धरा." मनगट लोंबतं ठेवून मी मूठ आवळली. लहान बाळानं धरावं तसं. डोळ्यांत पाणी आलं, कारण मला वाटायचं मिटण्याचे स्नायू तरी शाबूत आहेत. म्हणजे पकडही गेली?

मग त्यांनी माझ्या तळव्याखाली दुसऱ्या हाताचं एक बोट लावलं आणि मनगट थोडं वर उचलून धरलं. "आता आवळा."

आवळलं. त्याच "आई गं!" म्हणाल्या.

मग सांगितलं की मूठ वळताना बाहेरचे स्नायू मनगट मागे खेचून धरतात. ते काही उचलत नाहीत, काही पकडत नाहीत. फक्त मनगटाला पडू देत नाहीत. ते असले की आतल्यांना जोर मिळतो. नसले की आतले कितीही दणकट असोत, त्यांची पकड लुळी. "आणि काका, कुणाला विचारलंत की जोर कुठून आला, तर तो मूठ दाखवणार. मागचं कुणी दाखवत नाही."

काय अजब यंत्र आहे! घरी येऊन हिला सगळं समजावून सांगितलं, हिच्या तळव्याखाली बोट लावून दाखवलंसुद्धा. हिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "छान सांगतात हो बाई." आणि मशीनवर जाऊन बसली. तिला अशा गोष्टींत फारसा रस नाही.

मला आता एक पट्टा दिलाय, मनगट वर धरून ठेवणारा. तो बांधला की कप धरता येतो. स्वतःच्या हातानं चहा प्यालो. हेडबाईंना, पट्टा करणाऱ्याला आणि कप करणाऱ्यालाही मनातून धन्यवाद दिले.

२६ फेब्रुवारी

बँडवाल्यांची मापं. आजवर मापं मी घेतली आहेत. "ताठ उभे राहा, श्वास सोडा, हात बाजूला," एवढं म्हटलं की माणूस पुतळ्यासारखा उभा राहतो आणि माप चोख निघतं.

ही काय म्हणाली असेल? "ढोल घेऊन या उद्यापासून. आज हवेत वाजवा."

ढोलवाला माझ्याकडे बघायला लागला. मी वर छताकडे पाहिलं. तर तो खरंच हवेत ढोल वाजवायला लागला आणि ही त्याच्या पाठीवर टेप धरून उभी. मग तुतारीवाल्याला तुतारी तोंडाशी धरायला लावली, झांजवाल्याला हात फाकवायला. एकेकाची दोन-दोन मापं लिहिली, उभं असतानाचं आणि वाजवतानाचं. झांजवाला म्हणाला, "वहिनी, माप घेताय का रियाज?"

"रियाज कच्चा आहे तुमचा. खांदा उजवाच उचलता."

सगळे हसले. मला लाज वाटली. दुकानाची एक शिस्त असते. पण गिऱ्हाइकांसमोर बोललो नाही.

एक मात्र खरं, ढोलवाल्याच्या दोन मापांत अडीच इंचांचा फरक होता. तिनं टेप नीट धरली नसेल.

२ मार्च

ही माझ्याबरोबर हेडबाईंकडे आली. म्हटलं, माझ्या हाताची काळजी वाटते म्हणून आली असेल. पाच मिनिटांत हिनं विचारलं, "हात पुढे घेतला की पाठ किती रुंदावते?"

हेडबाई खुर्चीवरून उठल्याच. भिंतीवरचा तक्ता दाखवला. खांद्यामागचं चपटं हाड जागेवर खिळलेलं नसतं, पाठीवरून सरकतं म्हणाल्या. छातीकडचे स्नायू त्याला पुढे ओढतात, कण्याकडचे सैल पडत पडत त्याला सांभाळून सोडतात. हात वर करायचा तर मानेपासून कंबरेपर्यंत सगळे कामाला लागतात. नुसता हात असा कधी उचलला जातच नाही. हिनं हेडबाईंचा हात वर-खाली करून त्यांच्या पाठीवर बोटानं रेघा ओढल्या. अर्धा तास दोघी त्यातच. मी पंजा लोंबवत बसलो होतो.

शेवटी हेडबाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही हे शिकायला हवं होतं."

"शिवते ना," ही म्हणाली.

माझ्या आकड्यांवर आता तिचा हात बसलाय. कधी कधी मी आकडा उच्चारायच्या आधीच खडूची खूण झालेली असते. ऐकून ऐकून अंदाज येत असणार. मी शिकवतो बरा, असं म्हणायला हरकत नाही.

४ मार्च

बँडमास्टरांनी जुने कोट पाठवलेत, आठ वर्षांपूर्वीचे, माझ्या हातचे. बटणं आणि बिल्ले काढून नव्यांना लावायचेत. बसल्या बसल्या डाव्या हातानं एक अस्तर उसवलं. आत माझी खडूची रेघ अजून होती. इतक्या वर्षांनी स्वतःची रेघ बघून बरं वाटलं. सरळ, ठाम.

पण शिवण त्या रेघेवर नव्हती. पाठीत आणि मुंढ्यात, म्हणजे बाही जिथे बसते तिथे, शिवण रेघेच्या बाहेर होती. पाव इंच बाहेर, मायेत.

मशीन घसरलं असेल.

५ मार्च

आणखी चार उसवले. चारही तसेच. मशीन पाचही कोटांत, दोन्ही बाजूंना, बरोबर पाव इंच घसरत नाही.

संध्याकाळी तिला कोट दाखवला. "हे काय?"

तिनं चष्मा वर केला, बघितलं. "शिवण."

"माझ्या रेघेवर का नाही?"

"पहिल्या वर्षी ढोलवाल्याचा कोट पाठीत फाटून आला होता, आठवतं? तुम्ही म्हणालात, तो जाड झालाय. तो जाड नव्हता झाला. वाजवत होता."

"मग?"

"मग तेव्हापासून वाजवणाऱ्यांचे कोट मी थोडे मायेत शिवते. चार शिवणी मिळून इंचभर मोकळं होतं. सामान ओढणाऱ्या माणसांचेही. शाळेतल्या मास्तरांचे नाही, ते फळ्यापुरताच हात उचलतात. त्यांना तुमची रेघ चालते."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं."

"कधी?"

"तेव्हाच. तुम्ही म्हणालात, तू मशीनकडे बघ."

मला आठवत नाही. पण ते वाक्य माझंच आहे, हे ऐकताक्षणी ओळखलं. माझा खडू ओळखावा तसं.

११ मार्च

पाच आठवडे होत आले. हात तसाच. इथे खरं लिहितो.

मला राग यावा असं वाटत होतं आणि तो येत नाही. लोक माझ्या कोटाला म्हणायचे, "अंगाला लागत नाही हो मास्टर, घातलाय असं वाटत नाही." मी मान डोलवायचो. सव्वीस वर्षांतल्या त्या सगळ्या माना आता परत कशा घ्यायच्या?

दुसरी गोष्ट जास्त वाईट. काल बँडमास्टर दारात आले आणि विचारलं, "वहिनी आहेत का?" मी समोर बसलेला. तेव्हा मनात आलं की हात नाही आला तर दुकान चालेल. आधी भीती वाटायची की दुकान बंद पडेल. ही भीती वेगळी आहे. आणि याही खाली एक आहे, की हात आला तर मी पुन्हा तसाच होईन.

हिला यातलं काही सांगितलं नाही. तिनं माझी कात्री साफ केली, तेल दिलं, पेच थोडा सैल केला. मी म्हटलं, "कशाला? मला घट्टच लागते." म्हणाली, "गंज धरेल नाहीतर."

२० मार्च

हललं!

हेडबाई कोपराखाली दोन बोटं रोवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "उचलायचा विचार करा. खांदा नको." केला विचार. मनगट जागचं हललं नाही. पण त्यांनी श्वास रोखला. "काका, परत." परत केला. "आहे. आतून आहे. माशानं शेपूट हलवल्यासारखं."

हिचा हात धरून त्यांनी तिची बोटं तिथे ठेवली. हिनं डोळे मिटले. मी विचार केला. ही म्हणाली, "हो."

परत येताना रस्त्याच्या कडेला थांबून तिनं नाक पुसलं आणि धूळ फार आहे म्हणाली. रस्ता नुकताच धुतलेला होता.

माझ्या हातातली हालचाल मला दिसली नाही, मला जाणवलीही नाही. दोन बायकांनी मला सांगितलं की ती आहे. मी विश्वास ठेवला. इतका आनंद स्वतःच्या डोळ्यांनी बघून झाला नसता.

२९ मार्च

ट्रायल. सव्वाअकराचा तो पहिला कोट ढोलवाल्याचा निघाला. तिनं जादा कापडाची पाठीत उभी घडी घातली होती, आतून टाचून. उभा राहिला की घडी मिटते, हात उचलले की उघडते. मी विचारलं, "छाट म्हणालो तेव्हाच हे डोक्यात होतं?"

"तेव्हा फक्त छाटायचं नाही एवढं डोक्यात होतं. बाकी नंतर सुचलं."

"म्हणजे माया सोडून म्हणजे काय, हे तुला कळलं होतं की नव्हतं?"

दोरा दातानं तोडत हसली.

३ एप्रिल

एकवीस कोट गेले, वेळेवर.

बँडमास्टरांनी दुकानासमोरच घालून बघितला. हात वर, हात खाली, हात पुढे, एक गिरकी. मग माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्टर, राग नका मानू. तुमचे कोट चांगलेच असायचे. पण हा कोट माझ्याबरोबर वाजवतो."

मी म्हणालो, "मास्टर, ते कोटही माझे एकट्याचे नव्हते." एवढंच बोललो. पण दुकानात बोललो, मशीन चालू नसताना. तिच्या कानावर गेलं की नाही, माहीत नाही. ती बटणांचा डबा आवरत होती आणि बराच वेळ तोच एक डबा आवरत राहिली.

१२ एप्रिल

मनगट वर आलं. पट्ट्याशिवाय. टेबलावरून तळवा दोन इंच उचलला आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरला. बोटं मागून, कुरकुरत.

हेडबाई म्हणाल्या, कात्री धरून बघा, पण कापू नका. घरी येऊन धरली. मिटली. उघडली! हळू, पण उघडली. कात्रीसुद्धा हलकी वाटली. हातात जोर यायला लागला की अवजार हलकं होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

हा भाग उजव्या हातानं लिहिला. डाव्याचं अक्षर आता जास्त बरं दिसतं. त्यानं दोन महिने कुरकूर न करता काम केलं. त्यालाही आज धन्यवाद.

२१ एप्रिल

हेडबाईंकडचा शेवटचा दिवस. कागद तपासले. म्हणाल्या, "काका, इतकं नीट लिहून कुणी आणत नाही." त्यांना ही वही माहीत नाही, ते बरंय. त्यांच्यासाठी एक जाकीट शिवून नेलं होतं. मी मापं घेतलीच नव्हती, हिनं त्या दिवशी पाठीवर रेघा ओढताना घेतली होती म्हणे. त्यांनी घातलं आणि दोन्ही हात आपोआप वर केले. आमच्या दुकानात येणारी माणसं आता अशीच करतात.

सहा महिने दमानं घ्या म्हणाल्या. हात थकला की थांबायचं, मर्दुमकी नको.

३० एप्रिल

रविवार. दुकान बंद. हिला म्हटलं, आज तुझा कोट बेतायचा.

"माझा? मी कुठे कोट घालते?"

"म्हणूनच."

बरीच हुज्जत घातली. हे कशाला, कापड कशाला, कुठे घालून जाणार. मग उभी राहिली. मी टेप घेतली. ताठ उभी राहा म्हणणार होतो, जीभ चावली. म्हणालो, "मशीनवर बस. शिव."

ती मशीनवर बसली. रिकाम्या कापडाच्या पट्टीवर शिवत राहिली आणि मी मागे उभा राहून तिच्या पाठीचं माप घेतलं. सव्वीस वर्षं त्या खोलीत आहे. ही पाठ मी रोज पाहतो. उजव्या हातानं चाक फिरवताना डावा खांदा किती पुढे जातो, हे मला आज कळलं. तिच्या उजव्या खांद्यात एक गाठही आहे, खूप जुनी, कडक. विचारलं, दुखते का? म्हणाली, "आता सवय झाली." उद्या तिला हेडबाईंकडे घेऊन जायचं. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे टाळता येणार नाही.

मग टेबलाशी गेलो. कापड पसरलं. मी आकडा लिहिला आणि तिला विचारलं, "मुंढा किती ठेवू?"

ती बघत राहिली. "विचारताय की परीक्षा घेताय?"

"विचारतोय."

तिनं सांगितला. मी रेघ ओढली. कात्री घेतली. तिनं पलीकडून कापड ताणून धरलं.

पहिली खाच, दुसरी, तिसरी. आवाज तोच जुना. तोंडातून श्वास घेत होतो, लक्षात आलं नाही. कमरेपासून वर निघालो, पाठीच्या रेघेनं, आणि मुंढ्याच्या वळणाशी पोचलो तेव्हा कोपराखाली सगळं थरथरायला लागलं. अजून दहा इंच तरी उरले होते. पूर्वीचा मी असतो तर रेटलं असतं आणि कापड नासवलं असतं.

"घे," म्हणालो.

ती माझ्या बाजूला आली, पण तिनं कात्री उचलली नाही. पाती कापडात होती तशीच राहू दिली, माझ्या बोटांखालून आपली बोटं सरकवली, आणि मी हात काढून घेतला तेव्हा कात्री पुढे चाललेलीच होती. मी पलीकडे गेलो आणि कापड ताणून धरलं.

कापून झाल्यावर तो तुकडा उजेडात धरला. मी कुठे थांबलो ते बघायचं होतं. कडेवरून बोट फिरवलं, खालून वर, वरून खाली. मग चष्मा लावून फिरवलं.

नाही सापडलं. तिला विचारलं. तिनंही बघितलं, दोनदा. म्हणाली, "मलाही कळत नाहीये हो."

आम्ही दोघं तो तुकडा धरून तसेच उभे राहिलो.